भरल्या गाडीचा आवाज

लुबुक बुआयाच्या मार्गावर सगळ्यात चांगला आवाज असलेली आंगकोत, म्हणजे भाड्याची छोटी प्रवासी गाडी, मी तयार केली. मी म्हणजे रेनिता, अकरावी विज्ञान. हे माझं मलाच सांगावं लागतंय, कारण आज कुणाला विचाराल तर माझ्या मावसभावाचं, दा योसचं नाव घेतील. गाडी त्याच्याकडे आहे ना. पण तिच्यातला एकेक स्पीकर मी निवडलाय, मी ऐकून ठरवलाय, कुठे बसवायचा ते मी बोट दाखवून सांगितलंय. आणि त्यातून पुढे जे झालं तेही माझंच. नुसती फुशारकी मारायची आणि उरलेलं गिळायचं, हे मला जमत नाही.

आमच्या पादांग शहरातल्या शाळकरी मुली समोर आली ती गाडी पकडत नाहीत. दुपारी शाळा सुटते तेव्हा फाटकासमोर पाच-सहा आंगकोती उभ्या असतात. सगळ्यांचा रंग एक, भाडं एक, रस्ता एक. आत समोरासमोर दोन बाकं, गुडघ्याला गुडघा लावून दहा-बारा जणी बसतात. मग निवडायचं कशावरून? आवाजावरून. मुली फाटकात उभ्या राहतात, कान देतात, आणि एका गाडीकडे सगळ्या मिळून धावतात. उरलेले ड्रायव्हर दातात काडी घालून बघत बसतात.

त्या बघत बसणाऱ्यांत माझे अबाक, म्हणजे वडील, होते. त्यांच्या गाडीत जुना रेडिओ आणि दारातले दोन स्पीकर, त्यातल्या एकाचा कागद फाटलेला. आवाज वाढवला की तो चुरचुरायचा. आमच्या शाळेत त्या गाडीला माशाच्या भज्यांची कढई म्हणायचे. "चल गं, कढई आली," असं विल्दा म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. ती गाडी माझ्या वडिलांची आहे हे विल्दाला माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. मीही दुसऱ्याच गाडीतून घरी जायचे, आणि अबाकांना म्हणायचे की शिकवणीला उशीर झाला.

'वडिलांची गाडी' म्हटलं खरं, पण तीही त्यांची नव्हती. आमच्यात घर आईचं असतं, आईच्या आईचं असतं, आणि शब्द आईच्या भावाचा. नवरा राहायला येतो तो पाहुणा म्हणून. अबाक परियामानचे. वीस वर्षं आमच्या घरात राहत होते आणि वीस वर्षं सगळे त्यांना 'बागिंदो' म्हणत होते, ती त्यांच्याकडची पदवी. शाफ्रिल हे त्यांचं नाव घरात कुणी घेतलेलं मी ऐकलेलं नाही. गाडी माक दांगांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मामांनी घेतलेली. अबाक ती चालवायचे.

एका रविवारी माक दांग आले. ओट्यावर बसून त्यांनी अंड्याचा चहा घेतला आणि अमाशी, म्हणजे माझ्या आईशी, बोलायला लागले. अबाक तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. पण बोलणं अमाशी चाललं होतं. गाडी रिकामी फिरते, म्हणाले. मावशीचा दा योस बातामहून परत आलाय, त्याची बायको पोटुशी आहे, लायसन्स आहे, हात रिकामे आहेत. रोजे लागेपर्यंत गाडी बागिंदोकडे राहू दे, मग बघू.

'मग बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. दा योस त्यांच्या बहिणीचा मुलगा, घरचा. अबाक बहिणीचा नवरा. अबाकांनी मान हलवली आणि रिकामा ग्लास उचलून आत नेला.

आता माझं. त्याच्या महिनाभर आधी शाळेच्या कार्यक्रमात माइक शिट्ट्या मारत होता. सर वायर ओढत होते, मुलं कानात बोटं घालून बसली होती. मी, जिने दहावीपर्यंत वर्गात हात वर केला नव्हता, ती मी उठले आणि माइकचा स्टँड स्पीकरच्या तोंडापुढून तीन पावलं मागे नेला. शिट्टी बंद. मुख्याध्यापिका बाई माइकवरूनच म्हणाल्या की या मुलीला कान आहेत. कान तर होतेच हो, पण त्या दिवशी मला तोंडही आहे हे मला कळलं. त्यानंतर मी थांबलेच नाही. वर्गात बोलायचे, वादविवादात बोलायचे, जेवताना बोलायचे. अमा म्हणायची, हिचं झाकण उडालंय, आता वाफ थांबायची नाही.

तर मी ओट्यावर गेले आणि माक दांगांना म्हणाले, "गाडीत आवाज घालून द्या. तो मी निवडते. रोजे लागेपर्यंत गाडी भरून दाखवते. नाही भरली तर दा योसला द्या."

माक दांग इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्यांना ते आवडलं. भाची म्हणजे पुढे घर जिचं होणार ती. माझा शब्द अबाकांच्या शब्दापेक्षा जड होता. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. छानच वाटलं.

पाक झुल यांचं दुकान बाजाराच्या मागे आहे. भिंतभर स्पीकर लावलेले, बटण दाबलं की एकेक वाजतो. अबाक, मी आणि, कुणी बोलावलं नसताना, दा योस असे तिघं गेलो. दा योसचं म्हणणं, पंधरा इंची वूफर घ्यावा, सगळे तोच घेतात. पाक झुल यांचंही तेच. मी नको म्हटलं. आंगकोतचं दार दिवसभर उघडं असतं. पंधरा इंचांची धडधड दारातून बाहेर पडणार आणि रस्त्यावरच्या कोंबड्यांना ऐकू येणार. धडधड ऐकून मुली मान वळवतात, एवढंच. त्या आत बसतात ते गाता यावं म्हणून, आणि गाण्याचे शब्द ऐकू आले तरच गाता येतं. म्हणून वूफर बाराचा पुरे, बाकाखालच्या बंद खोक्यात. खरा जोर द्यायचा तो मधल्या आवाजाच्या स्पीकरवर, माणसाचा गळा जिथे असतो त्यावर.

पाक झुल यांनी मधले स्पीकर एकामागून एक वाजवून दाखवले. महागातला लगेच चांगला वाटला. मी म्हटलं, थांबा, हा मोठ्याने वाजतोय म्हणून चांगला वाटतोय. सगळे सारख्याच आवाजावर आणा, तेच गाणं, तीच ओळ. मग मी स्पीकरकडे पाठ करून उभी राहिले. तसं ऐकल्यावर चौथा चांगला निघाला, तळच्या ओळीतला, ज्याच्यावर धूळ होती. शिवाय तो थोड्या ताकदीत जास्त बोलायचा, म्हणजे फाटकासमोर इंजिन बंद करून उभं राहिलं तरी बॅटरी बसणार नाही. पाक झुल यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि अबाकांना विचारलं की ही मुलगी कुणाची.

"माझी," अबाक म्हणाले. पटकन म्हणाले. बहुतेक त्यांना तसं म्हणायला फारसं मिळायचं नाही.

गाडी तयार झाली. रिकाम्या गाडीत बसून ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गायिकेनं श्वास घेतलेला ऐकू येत होता. सोमवारी मी सगळ्यांना सांगून टाकलं की कढई माझ्या वडिलांची आहे आणि आज त्यात बसून बघा. अकरा जणी चढल्या. गाणं लागलं. आणि ते गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाजलं. विल्दा म्हणाली, बरं आहे की गं, कढईवर झाकण ठेवलंत तुम्ही.

त्या रात्री मला झोप आली नाही, पण सकाळी दात घासताना उत्तर सापडलं. आवाज पिऊन टाकत होत्या त्या मुलीच. अकरा अंगं, अकरा दप्तरं, डोक्यावर गुंडाळलेले अकरा जिल्बाब, आणि शुक्रवारी तर पायघोळ झगेही. बारीक, वरचा आवाज कापडात मुरतो. रिकामी गाडी ऐकून स्पीकर निवडणं म्हणजे रिकामं भांडं वाजवून भाताची चव सांगणं. पादांगमधले सगळे दुकानदार रिकामी गाडी जुळवतात. मी भरलेली जुळवायची ठरवली.

शनिवारी मी सात मैत्रिणींना घेऊन पाक झुल यांच्याकडे गेले. दोघी-तिघी रस्त्यावरून आणखी पकडल्या. सगळ्यांना दप्तरं मांडीवर घेऊन बसवलं, आणि मी या बाकावरून त्या बाकावर सरकत, वाकत, ऐकत राहिले. बारीक, वरच्या आवाजाचे मऊ पडद्याचे ट्वीटर काढायला लावले, त्यांच्या जागी कर्ण्याचे, धातूच्या पडद्याचे घेतले. ते मागच्या काचेच्या वर, छताला लागून बसवले, तोंड पुढे करून, म्हणजे कुणाचं डोकं आड येणार नाही आणि आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल. पाक झुल म्हणाले, असं कुणी करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच. पाचव्या वेळी वाजवलं तेव्हा सेप्ती बोलता बोलता मध्येच गप्प झाली आणि गायला लागली. मग सगळ्या. जमलं.

अबाक तेवढा वेळ गाडीबाहेर उभे होते, मैत्रिणींच्या छत्र्या धरून. मी खिडकीतून विचारलं, कसा वाटतोय? छान, म्हणाले. ते कढईलाही छान म्हणाले असते.

पुढचे चार-पाच महिने मी आयुष्यात कधी नव्हते इतकी खूश होते, हे लिहून ठेवते. मुली समोरून तीन-तीन गाड्या सोडायच्या आणि अबाकांच्या गाडीसाठी थांबायच्या. दुसऱ्या शाळेच्या मुलीही फाटकापर्यंत चालत यायच्या. अझान झाली की अबाक आवाज बंद करायचे आणि गाडीत एकदम सगळ्यांना आपलेच श्वास ऐकू यायचे, अझान संपली की सगळ्या एका सुरात, "दा, लावा की!" गाडीला रेनिताची गाडी म्हणायला लागले. मी मधल्या जागेवर बसायचे, हनुवटी वर करून. माक दांग आले तरी दा योसचं नाव काढत नव्हते. एकदा अबाकांनी ओट्यावर बसून, सगळ्यांच्या देखत, स्वतःसाठी अंड्याचा चहा मागितला. मागितला, आणि अमानं करून दिला.

मग हळूहळू घरात 'हं?' सुरू झालं. अमानं काही सांगितलं की अबाक 'हं?' म्हणायचे. मिरची आणायला सांगितली तर मेणबत्ती घेऊन आले. टीव्हीचा आवाज इतका की शेजारच्या घरी मालिका फुकट. अमाला वाटलं, गाडी भरायला लागली तसा हा माणूस ऐकेनासा झालाय. ती दुसऱ्या अर्थानं म्हणत होती.

गाडीतही तेच. आमच्याकडे उतरायचं असलं की "कीरी, दा" म्हणतात. कीरी म्हणजे डावी बाजू, दा म्हणजे दादा. गाडी डावीकडे घ्या, मला उतरायचंय. मुली "कीरी, दा" म्हणायच्या आणि गाडी पुढे जायची. पुन्हा म्हणायच्या, मग छतावर थाप मारायच्या. गाणं मोठं आहे म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही. मग अबाकांनी एक युक्ती काढली. ते सारखे आरशात बघायला लागले. कुणी दप्तर उचललं, जिल्बाब नीट केला, की गाडी डावीकडे. एकदा विल्दा खाली पडलेलं पेन घ्यायला वाकली आणि अबाकांनी करकचून ब्रेक मारला. सगळ्या एकमेकींच्या अंगावर. आम्ही पोट धरधरून हसलो. मी पण हसले. आरशात अबाकही हसत होते, कशाला ते न कळता.

मला कळलं ते एका गुरुवारी. अबाक मशिदीत गेले होते, गाडी बाहेर उभी, रिकामी. मला नवं गाणं लावून बघायचं होतं, म्हणून मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. तोपर्यंत त्या जागेवर मी एकदाही बसले नव्हते. सात मैत्रिणींना मी बाकांवर दाटीनं बसवलं होतं, पण पुढे कुणालाच बसवलं नव्हतं. मी नेहमीच्या खुणेपर्यंत आवाज वाढवला.

मानेत कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटलं. बाकांवर मुली आडव्या बसतात, त्यांच्या डोक्यावरून आवाज जातो, कापडात मुरतो आणि गोड होतो. न मुरलेला सगळा सरळ पुढे येतो, आणि गाडीच्या त्या बोगद्याच्या तोंडाशी एकच माणूस बसलेला असतो, ड्रायव्हर. त्यात गाडी रिकामी असली तर मुरायलाही काही नाही. आणि रिकामी असतानाच तर आवाज मोठा ठेवायचा, फाटकातल्या मुलींना ऐकू जावा म्हणून. पुढच्या सीटवर एखादी मुलगी बसली तरी ती वीस मिनिटांत उतरून जाते. अबाक पहाटेपासून संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजापर्यंत तिथेच. मला अर्धं गाणंसुद्धा सोसलं नाही.

ते मशिदीतून आले, ओल्या बाह्या खाली करत. मी विचारलं की तुम्ही बोलला का नाहीत. दोनदा विचारावं लागलं.

"मुलींना आवडत होतं ना," ते म्हणाले. "मला कुठे गायचंय."

मी म्हटलं, उद्याच पाक झुल यांच्याकडे जाऊ, कर्णे खाली वळवू, डॉक्टरलाही दाखवू. ते म्हणाले, रोजे लागून जाऊ दे. आत्ता गाडी भरतेय, आत्ता हात लावायचा नाही. आणि घरात बोलू नकोस. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मी हो म्हटलं.

रोजे लागायला बारा दिवस होते.

सहाव्या दिवशी एतेक रोस गाडीत बसल्या. एतेक रोस आमच्याच कुळातल्या, सत्तरीच्या, माक दांगांनासुद्धा 'अरे' म्हणणाऱ्या. त्या "कीरी, कीरी" म्हणत राहिल्या आणि अबाकांनी त्यांना पुढच्या पुलापर्यंत नेलं. मुलींनी छत बडवल्यावर थांबले. उतरताना त्या काही बोलल्या, अबाक त्यांच्याकडे बघून हसले, आणि गाडी सुरू करून निघून गेले. उन्हात, हातात भाजीची पिशवी घेऊन एतेक रोस तेवढं अंतर मागे चालत आल्या. आल्या त्या थेट माक दांगांच्या दारात.

रविवारी सगळे आमच्या घरी बसले. चटया अंथरल्या. माक दांग, एतेक रोस, अमा, मावशी, दा योस. अबाक दाराजवळ, अशा बैठकीत जावई दाराजवळच बसतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. डोक्यावर पंखा घरघरत होता. मी चहा द्यायला आत-बाहेर करत होते.

माक दांग म्हणाले की बागिंदोला मिजास चढलीय. गाडी भरायला लागली, मुली दा-दा करायला लागल्या, आणि आता म्हाताऱ्या बाईनं हाक मारली तर हा हसून निघून जातो. मावशी म्हणाली, परवा मीही रस्त्यावरून हाक मारली होती, मानसुद्धा वळवली नाही. एतेक रोस म्हणाल्या, मला पायांचं काही नाही, पण तो हसला. प्रत्येकाकडे एकेक गोष्ट निघाली. आणि अमा, माझी अमा, खाली बघत म्हणाली, घरातही हल्ली ऐकत नाहीत.

माझ्या हातात ग्लासांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला. ज्या माणसानं वीस वर्षांत या घरात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, त्याला मिजासखोर म्हणत होते. मला ते सहन होईना. आणि खरं सांगू? मला बोलता येत होतं. ती नशा वेगळीच असते, आपण उठलो की सगळे गप्प होतात ती.

मी म्हणाले, "अबाक मिजासखोर नाहीत. त्यांना ऐकू येत नाही. आणि ते माझ्यामुळे."

मग मी सगळं सांगितलं. कर्णे कुठे बसवले, कुणाच्या डोक्यावरून आवाज जातो, तो कुठे येऊन आदळतो. कानाच्या आत बारीक केस असतात, ते झडले की वरचे आवाज आधी जातात, बायकांचे आणि मुलींचे. म्हणून त्यांना माक दांगांचं बोलणं कळतं आणि एतेक रोसचं कळत नाही. एतेक रोसनी मान डोलावली. कर्णे वळवले, आवाज कमी केला, डॉक्टरला दाखवलं, की झालं, असं मी म्हणाले. वादविवादात बोलते तसंच बोलले. कुठे अडखळले नाही. कुणी मध्ये तोंड घातलं नाही.

बोलताना मी दाराकडे पाहिलं. पंख्याच्या घरघरीत, तेवढ्या लांबून, अबाकांपर्यंत एक अक्षरही पोचलं नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच की त्यांची मुलगी उभी आहे, ती बोलतेय आणि सगळी मोठी माणसं तोंडाकडे बघत ऐकतायत. ते हसत होते. तोंडभर. मावशीकडे वळून त्यांनी भुवया उडवल्या, जणू म्हणत होते, बघितलंस ना.

 माक दांग जे बोलले ते अगदी मऊ आवाजात. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मग तर नकोच, पोरी. मिजास असती तर एतेक रोसच्या घरी ताट घेऊन गेला असता, हात जोडले असते, संपलं असतं. हे कसं संपायचं? ऐकू न येणाऱ्या माणसाच्या गाडीत बारा मुली कशा बसवायच्या?"

 एतेक रोसचा राग तर केव्हाच गेला होता. त्या डोळे पुसत होत्या. मला तिथे, उभ्या उभ्या, कळलं. मिजाशीवर आमच्यात उपाय आहे. पानाचा डबा, जेवणाचं ताट, एक माफी. जावयाला माफी मागायची सवय असते, अबाकांनी ती आनंदानं मागितली असती आणि सोमवारी पहाटे गाडी काढली असती. मी फक्त ट्रे घेऊन आत जायला हवं होतं.

माक दांगांनी अबाकांना सांगितलं. पहिल्यांदा अबाक 'हं?' म्हणाले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा माक दांगांनी चटईवर पुढे सरकून, तोंडाजवळ हात धरून, एकेक शब्द मोठ्याने म्हटला. अबाकांचं हसू लगेच गेलं नाही. थोडं थोडं करून गेलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, तिला लावलेलं रबरबँड सोडवून परत खिशात ठेवलं, आणि किल्ली चटईवरून दा योसकडे सरकवली.

दा योस वाईट नाही. उलट त्यानं सगळं मी म्हटलं तसंच केलं. पहिल्याच दिवशी पाक झुल यांच्याकडे जाऊन कर्णे खाली वळवून घेतले, ड्रायव्हरच्या मागे फळी टाकली, आवाज दोन खुणा उतरवला. गाडी अजूनही छान वाजते. आणि त्याला प्रत्येक 'कीरी' ऐकू येते. मुली अजूनही तीन गाड्या सोडून थांबतात. विल्दा म्हणाली, दा योस दिसायलाही बरा आहे गं. तो मला म्हणाला की तू जन्मभर फुकट बस. मी बसते. आमचं लुबुक बुआया शाळेपासून चालत जाण्याएवढं जवळ नाही.

घरात आता सगळे अबाकांशी मोठ्याने बोलतात. प्रेमानंच. जेवलात का, हे ओरडून. पाठ दुखतेय का, हे ओरडून. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही, तेही अमानं त्यांना रस्त्यातच ओरडून सांगितलं. ज्या माणसाच्या वाट्याला वीस वर्षं कुणाचा आवाज फारसा आला नाही, त्याला आता ऐकायला मिळतं ते सगळं गल्लीसकट. गाडी नाही तर अबाक दिवसभर करणार काय? त्यांनी गळकी पन्हळ दुरुस्त केली. मग न गळणारीही दुरुस्त केली. मग म्हणाले, परियामानला बहिणीकडे जाऊन येतो, चार दिवस.

जायच्या दिवशी सकाळी ते मागच्या पायऱ्यांवर बसून बॅग भरत होते. चार दिवसांना सहा शर्ट. अंगणात दा योस गाडी धूत होता, बारीक आवाजात गाणं लावून. मी अबाकांशेजारी बसले.

त्यांनी शर्टाची घडी घालता घालता विचारलं, "त्या दिवशी काय बोललीस गं बैठकीत? छान बोलत होतीस. सगळे ऐकत होते."

मी हळू सांगितलं. त्यांनी कानामागे हात नेला. मी जरा मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान वाकडी केली, माझ्या ओठांकडे बघत राहिले. दा योसनं गाणं बंद केलं. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. या गोष्टी माणूस कुजबुजून सांगतो. मला ते करता येत नव्हतं.

"मी सांगितलं की तुम्हाला ऐकू येत नाही," मी ओरडले. "माझ्यामुळे गाडी गेली, अबाक."

अंगणात पाण्याचा पाइप नुसताच वाहत होता. अबाकांनी घडी घातलेला शर्ट बॅगेत ठेवला, वरून हात फिरवून सपाट केला.

"एवढं ओरडू नकोस," ते म्हणाले. "ऐकू येतं मला."